केसपेपरवर कामाचा रकाना हवा

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग ज्यांना होतो, त्यांच्यापैकी जवळपास सर्वांच्या रक्तात तो होण्याच्या कितीतरी वर्षे आधी एमजीयूएस नावाची अवस्था असते. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा एखादा गट वाढू लागतो आणि एकाच प्रकारचं प्रथिन रक्तात सोडत राहतो. दुखत नाही, खुपत नाही. बहुतेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते हाती लागतं.

घबराट पसरवण्यासाठी हे लिहीत नाही. एमजीयूएस असलेल्यांपैकी वर्षाला साधारण १ टक्का लोकांचाच आजार पुढे सरकतो. बाकीच्यांचं बहुधा आयुष्यभर काही बिघडत नाही. त्यावर औषध देत नाहीत, ठरावीक काळाने रक्त तपासत राहतात.

पण एमजीयूएस कोणाला होतो, हा प्रश्न आपल्या खात्याचा आहे. वाढतं वय, पुरुष असणं, आफ्रिकी वंश, जवळच्या नातलगाला असा आजार असणं, यांपैकी काहीच बदलता येत नाही. लठ्ठपणा आणि धूम्रपान यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो. लठ्ठपणाबाबत मात्र सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. तरीही डॉक्टर वजन विचारतात, सिगारेट विचारतात, आणि ते योग्यच आहे. काम काय करता, कशाच्या संपर्कात होता, हे फारसं कोणी विचारत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

कारण कामाबद्दलचे पुरावे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत कीटकनाशकं फवारणाऱ्या पुरुषांमध्ये एमजीयूएसचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जवळपास दुप्पट निघालं; २००९ साली ते प्रसिद्ध झालं. व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारणाऱ्या ‘रँच हँड’ मोहिमेतल्या माजी सैनिकांत ते ७.१ टक्के होतं, त्या फवारणीत नसलेल्या त्यांच्या समकालीन सैनिकांत ३.१ टक्के. न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यावर राबलेल्या अग्निशमन जवानांत ते तुलनेच्या गटाच्या सुमारे पावणेदोन पट आढळलं. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, एखाद्या माणसाला नेमकं कशामुळे झालं ते ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण तीन वेगळ्या कामांतून एकाच दिशेचं उत्तर येतं, तेव्हा थांबून पाहायला हवं.

आणि महोदय, हे कळलं कसं, तेही पाहावं. सैन्याकडे मोहिमेतल्या माणसांच्या नोंदी होत्या, त्यांचं रक्त साठवून ठेवलेलं होतं. अग्निशमन दलाकडे जवानांच्या नियमित तपासण्यांची नोंद होती. फवारणी करणाऱ्यांची नावं परवान्यांमुळे मिळाली. त्या नोंदींच्याच बळावर २०२२ साली अमेरिकेने कायदा करून एजंट ऑरेंजच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांसाठी एमजीयूएस हा सेवेमुळे झालेला आजार गृहीत धरला. रोजंदारीवर पाठीला पंप लावून फवारणारा मजूर मात्र कुठल्याच यादीत नसतो. उद्या त्याचा आजार मायलोमापर्यंत गेला, तर त्याने कोणतं रसायन किती वर्षं हाताळलं हे सांगायला त्याच्या स्मरणशक्तीखेरीज काही नसेल, आणि डब्यावरचं नाव त्याला कधी वाचूनही दाखवलेलं नसेल.

सरसकट सगळ्यांची तपासणी करा, अशी मागणी मी करत नाही. त्याने जीव वाचतात हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ज्याला काही होणार नाही त्याच्या डोक्यावर आयुष्यभराची काळजी बसते. मला हवं आहे ते याहून साधं आहे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असावा आणि तो ‘मजुरी’ एवढंच लिहून संपू नये: काम कोणतं, रसायन कोणतं, किती वर्षं, हातमोजे आणि मास्क मिळत होते का. रसायनं हाताळणाऱ्या प्रत्येकाची संपर्क नोंदवही मालकाने ठेवावी. तिची प्रत कामगाराच्या हातात असावी आणि काम सुटल्यावरही ती नोंद काही दशकं जपली जावी, कारण हा आजार निवृत्तीच्या वयात डोकं वर काढतो. अशा माणसाला कारण न सापडणारा रक्तक्षय, हाडांचं दुखणं किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल, तर सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातलं असं प्रथिन शोधणारी तपासणी त्याला विनामूल्य मिळावी.

केसपेपरचा नमुना बदलायला नवा कायदा लागू नये. कामगार खात्याशी बोलून नोंदवहीचं काम कधी सुरू करणार, हे आपण जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपला,
एक नागरिक