मँचेस्टरची मिल आणि आमच्या मायचं जिन

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमधे एका गृहस्थांनी लिहिलं होतं की ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं त्यांच्याच वाड्यांच्या मालिका आपल्या घरातल्या बायका डोळे लावून बघतात, गुलामीची सवय अजून गेली नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी त्याच बायकांपैकी एक. साठी झाली, जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. मुलगी पुण्याला असते, तिनं टीव्हीला काय ते जोडून दिलं आणि तेव्हापासून मी आणि माझी 82 वर्षांची माय, आम्ही दोघी रात्री जेवणं आटोपली की रोज एक भाग बघतो. मायला इंग्रजी येत नाही, मला खाली लिहून येतं ते वाचून कळतं, मग मी तिला मधे मधे सांगते. पण खूपदा सांगावंच लागत नाही, आणि तेच मला तुम्हाला सांगायचंय.

सुरुवात केली ती डाउन्टन अॅबी पासून. पहिलाच भाग, 1912 साल, टायटॅनिक बुडाल्याची बातमी पेपरात आलीये आणि तो पेपर मालकाच्या हातात जायच्या आधी खाली नोकर लोक त्याला इस्त्री करताहेत. पेपरला इस्त्री! कशाला तर शाई वाळावी, साहेबांची बोटं काळी होऊ नयेत. मी वाडा बघायला बसले होते हो, झुंबरं, गाऊन, हिरवळ, पण मनात राहिली ती इस्त्रीच. त्या मालिकेत अर्धी गोष्ट तळघरातल्या स्वयंपाकघरात घडते, चूल पेटवणारी पोर सगळ्यात आधी उठते, वरच्यांचं आवरल्याशिवाय खालच्यांना उसंत नाही, आणि त्या पोरीलाही मालकिणीइतकंच नाव आहे, गोष्ट आहे, मत आहे. आपल्याकडच्या मालिकेत मोलकरीण चहाचा ट्रे ठेवते आणि जाते.

आणि मूळ भांडण काय तर इस्टेटीचं. तीन मुली, मुलगा नाही, कायद्याने सगळी जमीन आणि पदवी लांबच्या पुरुष नातेवाइकाला, तो मँचेस्टरचा वकील, वाडा त्यानं आयुष्यात बघितलेला नाही. आईनं अमेरिकेतून लग्नात आणलेला पैसासुद्धा त्याच इस्टेटीत अडकलेला. हे आम्हा बायकांना कोणी समजावून सांगायची गरज आहे का? महाराष्ट्रानं 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, 2005 ला केंद्राचा कायदा झाला, पण हक्कसोड पत्रावर सह्या अजून होतातच. मीही केलीये. माहेर तुटायला नको म्हणून केली, आणि त्या थोरल्या मुलीचा, मेरीचा, चेहरा बघताना मला तो दिवस आठवला, तालुक्याच्या ऑफिसातला तो बाक सुद्धा आठवला.

पुढे पहिलं महायुद्ध येतं, मग स्पॅनिश फ्लू. लग्न ठरलेली धडधाकट पोरगी दोन दिवसांत जाते. मी मायला म्हटलं साथ आलीये, ती लगेच म्हणे मानमोडी. माझी आजी हा शब्द नेहमी काढायची, पटकी, पिलेग आणि मानमोडी. 1918 ची तीच साथ, त्या वाड्यात शिरली तशी आपल्या गावांमधेही शिरली, आपल्याकडे तर कोटीच्या वर माणसं गेली म्हणतात. त्याच मालिकेत स्वयंपाकिणीचा भाचा युद्धात भित्रेपणाच्या आरोपाखाली आपल्याच सैन्याकडून गोळी घातला जातो आणि गावातल्या स्मारकावर त्याचं नाव कोरायला नकार मिळतो. ती बाई त्या एका नावासाठी किती झुरते. हे नुसतं गोष्टीपुरतं नाही, ब्रिटननं असे मारलेले 306 सैनिक 2006 मधे माफ केले, नव्वद वर्षांनी. त्या गृहस्थांना माझं एवढंच सांगणं आहे की अशा मालिकेत ते लोक स्वतःलाही सोडत नाहीत.

पण आमच्या घरात खरी गाजली ती नॉर्थ अँड साउथ. 2004 ची, बीबीसीची, फक्त चार भाग. एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीवरची, मँचेस्टरसारख्या गावातली कापड गिरणी, संप, मालक, कामगार. पहिल्या भागात नायिका मार्गारेट गिरणीचं दार सरकवते आणि आत सगळीकडे पांढरं पांढरं उडतंय, बर्फच जणू, ते असतं कापसाचं. मी मायला म्हणणार होते की बघ किती सुंदर घेतलंय, तेवढ्यात मायच पुढे सरकून म्हणाली, "हाई ते आपलं जिन शे!"

माय माझी लग्नाआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. रेच्याजवळ, म्हणजे सरकी काढायच्या मशिनजवळ, बसून कापूस सारायचा, एकीकडे सरकी पडते, एकीकडे रुई निघते, डोक्याला फडकं, नाकाला पदर, आणि घरी आली की भुवया पांढऱ्या. लहानपणी आम्ही तिच्या केसातून रुई वेचायचो. तर त्या भागात पुढे गिरणीमालक एका कामगाराला धरून बेदम मारतो आणि ती शहाणी पोरगी हादरते, की हा काय राक्षस माणूस. मी पण तेच म्हणत होते. माय मात्र एकदम ताठ बसली, "त्याना हातमा बिडी शे!" आणि खरंच, तो माणूस कापसाच्या खोलीत लपून धूर काढत होता. मायने सांगितलं, जिनाच्या दारावर गडी माणसांचे खिसे चाचपायचे, बिडी काडी तिथेच काढून घ्यायचे, कारण एक ठिणगी पडली तर गठाणींसकट माणसं जातील. ती मारहाण तिला पटली नाही, पण तो मालक का पिसाळला ते तिला माझ्या आधी कळलं. त्या गोष्टीत बेसी नावाची एक तरुण कामगार आहे, कापसाचे कण छातीत जाऊन जाऊन ती खोकत मरते. हवा खेळायला गिरणीत चाक बसवता येतं, पण त्याला पैसा लागतो म्हणून सगळे मालक बसवत नाहीत. मायनं त्या दिवशी टीव्ही बंद करायला लावला. तिच्या जोडीला बसणाऱ्या दोघी तशाच गेल्या होत्या, तेव्हा कोणी डॉक्टरनी नाव दिलं नाही त्या खोकल्याला.

आता त्या गृहस्थांचं एक म्हणणं मला मान्य आहे. या मालिकांमधे पैसा कुठून आला ते फारसं दिसत नाही. तो कापूस अमेरिकेतल्या गुलामांच्या हातचा होता, आणि 1861 ते 65 तिकडे यादवी पेटली, कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या तेव्हा आपल्या खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि युद्ध संपल्यावर तो कोसळला तेव्हा आपला शेतकरी कर्जात बुडाला. हे कुठल्या वाड्याच्या मालिकेत येत नाही. 1984 ला द ज्वेल इन द क्राउन या मालिकेत त्यांनी हिंदुस्थानातल्या आपल्या राज्याकडे बघितलं खरं, 14 भाग, पण ते साहेब आणि पोलीस यांच्याबद्दल, कापसाबद्दल नाही.

मग ते कोणी दाखवायचं? तेच दाखवतील म्हणून वाट बघायची का? आपल्या वाहिन्यांवर ऐतिहासिक म्हणजे राजे आणि लढाया, तेही तीन-तीन वर्षं चालणारं. चार किंवा सहा भागांची एक मालिका करा ना खानदेशाची! 1932 चं धुळे जेल घ्या, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलताहेत, समोर कैदी बसलेत आणि साने गुरुजी भराभर लिहून घेताहेत. 1936 चं फैजपूर घ्या, खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन, किती लोकांच्या भाकऱ्या थापल्या असतील त्या बायकांनी! भुसावळची रेल्वे कॉलनी घ्या, साहेबाच्या बंगल्यात वर कोण, मागच्या दाराने कोण. अहिराणी बोलू द्या पात्रांना, विनोदासाठी नाही, साधी, जशी माय बोलते तशी.

अडचण एकच, शूटिंग कुठे करणार. नॉर्थ अँड साउथ मधले मागाचे सीन बर्नली गावातल्या क्वीन स्ट्रीट मिलमधे घेतले, 1894 ची मिल, वाफेच्या इंजिनासकट त्यांनी म्युझियम म्हणून जपलीये. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्या की आधी मशिनी भंगारात, मग पत्रे, मग चिमणी, मग प्लॉट. भोंग्याचा आवाज सुद्धा कोणी टेप करून ठेवला असेल असं वाटत नाही, ज्या भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं.

म्हणून वाचकांना विनंती, घरात कुणाचं जिनातलं, मिलमधलं, रेल्वेतलं हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, ग्रुप फोटो असेल तर रद्दीत टाकू नका. मायचा तर एकही कागद माझ्याकडे नाही, तिची नोंदच कुठे नव्हती. ती सांगते ते मी आता वहीत उतरवून घेतेय, रेच्याचा आवाज, मुकादमाच्या शिव्या, दुपारच्या सुट्टीत काय खायच्या, सगळं, 40 पानं झालीत. कोणा लेखकाला किंवा मालिका करणाऱ्याला हवी असतील तर आपल्या कार्यालयातून निरोप द्यावा, मी वही घेऊन येईन.

आपली,
एक नियमित वाचक, जळगाव जिल्हा