पावणेतीन हजारांची उचल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाला मराठीत सांगा, प्रोग्राम लिहून मिळतो, असं आता सर्रास ऐकू येतं. मी बी.एस्सी.च्या मुलांना संगणकशास्त्र शिकवते आणि ही सोय खेड्यातल्या मुलांपर्यंत पोचली याचा मला मनापासून आनंद आहे. पण मराठीत सांगितलेलं काम यंत्राला नेमकं किती कळलं, हे तपासायला मराठीची स्वतःची पट्टी हवी.

गेल्या सत्रात माझ्या एका विद्यार्थिनीनं गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्राम करायला घेतला. एआय सहायकाला तिनं लिहिलं, 'सभासदानं पावणेतीन हजार उचल घेतली आहे, ती पुढच्या दोन बिलांतून सारखी कापून घे.' कोड लगेच आला, चाललाही. एरर कुठेच नाही. कपात मात्र दर बिलाला १५०० रुपये! ती १३७५ हवी होती. 'पावणे' वगळून यंत्रानं सरळ तीन हजार धरले होते. चूक सापडली ती तिच्या आजीला, छापलेला कागद हातात घेतल्यावर. 'अगं, पावणेतीन घेतलेत, तीन कुठले?' दहा दिवसांच्या दूधबिलावर घर चालतं तिथे सव्वाशे रुपये थोडे नव्हेत.

कोड तपासण्याची रीत संशोधकांनी घालून दिलेली आहे. २०२१ मध्ये ओपनएआय या कंपनीनं 'कोडेक्स' हे कोड लिहिणारं मॉडेल मांडताना 'ह्यूमनइव्हल' हा १६४ प्रश्नांचा संच हातानं लिहून घेतला. प्रत्येक प्रश्नाला सरासरी सात-आठ चाचण्या. कोड चालवायचा, सगळी उत्तरं जुळली तरच प्रश्न सुटला. कोडेक्सला एकाच प्रयत्नात २८.८ टक्के प्रश्न सुटले, प्रत्येक प्रश्नाला शंभर प्रयत्न दिल्यावर ७०.२ टक्के. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच प्रश्नांच्या चाचण्या कितीतरी पटींनी वाढवल्या, तेव्हा आधी पास झालेला बराच कोड नापास ठरला. म्हणजे कस चाचण्यांचा असतो. आणि हा मूळ संच इंग्रजीतला. त्यात सव्वा, दीड, अडीच कुठून येणार? मागचा आणि पुढचा दोन्ही दिवस सांगणारा आपला 'परवा' कुठून येणार?

पुण्यातल्या एलथ्रीक्यूब गटानं मराठीसाठी विदासंच (डेटासेट) आणि भाषा-मॉडेलं तयार करून खुली केली आहेत. त्याच वाटेवर विद्यापीठांच्या संगणक विभागांनी आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून असा मराठी प्रश्नसंच करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. १६४ प्रश्न जमवणं अवघड नाही. उसाचं बिल, भिशी, बचत गटाचं व्याज, सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर आणि बोलण्यातले गुंठे, सगळं गावात पडलेलं आहे. प्रश्न घालायला मात्र प्रोग्रामरबरोबर केंद्रावरचा लिखापढी करणारा माणूसही बसायला हवा, नाहीतर पुस्तकी मराठीचीच परीक्षा होईल.

आमच्या वर्गानं असे तीस प्रश्न उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. कोणत्याही विभागानं मागितले तर आनंदानं देऊ. पहिला प्रश्न त्या उचलीचाच आहे.

आपली,
एक संगणक शिक्षिका, तासगाव (जि. सांगली)