विषय: जुलैमध्ये आलेल्या गोळी पेंडीच्या लॉटबद्दल तक्रार

नमस्कार साहेब,

मी अकोले तालुक्यातला दूध उत्पादक, गोठ्यात सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गायी आहेत, तुमची गोळी पेंड तीन वर्षं वापरतोय आणि आजवर कधी तक्रार केली नाही. पण जुलैमध्ये घेतलेल्या 25 पोत्यांनी पार वाट लावलीय. पोतं फोडलं की निम्मा भुगाच, गोळी बोटाने चुरडते, तीन पोत्यांत तर तळाला बुरशीचे गठ्ठे निघाले, कुबट वास. ती बाजूला काढून ठेवलीत, बुरशीचं विष दुधात उतरतं हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आमच्याकडे पावसाळ्यात गवत आणि नेपियरचा हिरवा चारा भरपूर, पण त्यात 80 टक्क्यांच्या वर नुसतं पाणी, गाय पोटभर खाते तरी अंगाला लागत नाही, ती कसर पेंडीनेच भरून निघते, म्हणून तर पोत्याला एवढे पैसे मोजतो. गायीचं स्वतःचं शरीर पोसायला दोन किलो आणि दुधाच्या लिटरमागे 400 ग्रॅम असा हिशेब धरून 12 लिटरच्या गायीला जवळपास 7 किलो पेंड दोन वेळेला मिळून घालतो. हिशेब तोच, गवत तेच, कडब्याची कुट्टी तीच आणि नवीन पोती चालू केल्यावर आठ दिवसांत 12 ची गाय 9 वर आली, फॅट 3.8 चं 3.3 झालं, शेण पातळ. डेअरीत 3.5 च्या खाली गेलं की दर कापतात.

तुमच्या माणसाला फोन केला तर म्हणतो दोन किलो वाढवा. अहो पेंड वाढवली की गाय वैरण कमी खाते, रवंथ कमी, लाळ कमी, पोटात आम्ल वाढतं, मग फॅट अजून पडणार आणि शेवटी गाय तोंडच लावत नाही. हे त्याला माहीत नसेल तर गोठ्यावर सल्ला द्यायला पाठवता कशाला?

पोत्यावर 20 टक्के प्रोटीन छापलंय, पण युरिया घातला तरी टेस्टला प्रोटीन वाढलेलंच दिसतं, म्हणून मला नुसता तो आकडा नको. या लॉटमध्ये युरिया किती, ओलावा किती, अफ्लाटॉक्सिन (तेच बुरशीचं विष) किती याचा लॅब रिपोर्ट द्या, सॅम्पल माझ्यासमोर काढा आणि बुरशीची तीन आणि न फोडलेली 15 पोती बदलून द्या.

एक गाय सात महिन्यांची गाभण आहे, तिला ही पेंड बंद करून सरकी पेंड आणि मक्याचा भरडा चालू केलाय पण सहाही गायींना ते परवडत नाही, त्यामुळे माणूस याच आठवड्यात पाठवा.