टवका

दांडिया बाजार, बडोदे
२१ जानेवारी

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

उत्तरायणाचा गोंगाट संपला आणि गच्ची पुन्हा माझ्या ताब्यात आली. आठवडाभर पोरं पतंग-मांजा घेऊन वर ठाण मांडून होती, त्यामुळे माझं काम बंदच होतं. काल सकाळी सतरंजी पसरून बसलो आणि जेवणाची हाक यायच्या आत बाणाचं एक टोक पुरं झालं. अखंड. दोन्ही अंगांनी सारखं, बुडाशी दोरा बांधायला दोन खाचा आणि वर सुईसारखं अणकुचीदार. तेव्हाच ठरवलं की आज तुला सविस्तर लिहायचं. फोनवर तू दोनदा विचारलंस, "दगड फोडतोस म्हणजे नेमकं करतोस काय?" आणि दोन्ही वेळा मला धड सांगता आलं नाही.

तुझ्या मामांची छऱ्याची बंदूक आठवते? वाड्यामागच्या खिडकीच्या काचेवर तू नेम धरला होतास. आपल्याला वाटलं होतं, अख्खी काच खळकन खाली येईल. पण बाहेरून मोहरीएवढं भोक, आतल्या अंगाला रुपयाएवढी उखळी आणि आत फरशीवर पडलेला काचेचा एक इवलासा शंकू. तो शंकू मी किती दिवस कंपासपेटीत जपून ठेवला होता! बंडू, ही सगळी विद्या त्या शंकूत आहे. काचेसारख्या एकजीव दगडावर एका बिंदूत आघात झाला, की जोर आत शंकूसारखा पसरत जातो. दगडाच्या मधोमध मारलंस तर नुसता ओरखडा उठेल. कडेला, योग्य कोनात मारलंस तर त्या शंकूचा एक काप सुटून बाहेर येतो. तोच टवका. त्याची आतली बाजू बघितलीस तर शिंपल्यावर असतात तशा गोल लाटा दिसतात, म्हणून भूगर्भवाले त्याला शंखाभ भंग म्हणतात. आघाताच्या जागेखाली एक छोटा फुगवटाही असतो. नदीत आपोआप फुटलेला दगड आणि माणसाने फोडलेला दगड ओळखताना जाणकार पहिल्यांदा जे शोधतात, त्यात तो एक.

सुरुवात झाली ती खंभातला. गेल्या मार्चमध्ये एका लग्नासाठी गेलो होतो. दुपार मोकळी होती, म्हणून अकीकवाल्यांच्या, म्हणजे अकीक नावाच्या रंगीत दगडाचे मणी घडवणाऱ्यांच्या, गल्लीत शिरलो. आपण लहानपणी खंभातहून आलेल्या अकीकाच्या गोट्या खेळलो, पण त्या होतात कशा ते बघायला इतक्या वर्षांत कधी गेलो नाही. बडोद्याहून बसने दोन-अडीच तास, बस्स!

एका ओसरीत सत्तरीचे एक चाचा जमिनीवर बसले होते. समोर लोखंडाची अणकुचीदार सळई, तिरकी, जमिनीत रोवलेली. डाव्या हातातला दगड त्या अणीला टेकवलेला. उजव्या हातात लवचीक, बारीक दांडीची हातोडी आणि तिचं डोकं म्हशीच्या शिंगाचं. हातोडी दगडाच्या अलीकडच्या अंगावर हलकेच पडायची आणि टवका उडायचा तो पलीकडून, अणीच्या बाजूने. म्हणजे मारतोय कुठे आणि तुटतंय कुठे! मी तासभर उकिडवा बसून राहिलो. दगड मधल्या दोन बोटांवर फिरत होता, टिक्‌ टिक्‌ टिक्‌, आणि ओबडधोबड गारेचा बघता बघता लांबोडा मणी झाला. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी हसून हातोडी दिली. मी मारलं आणि दगडाचे दोन तुकडे. ते म्हणाले, "जोर ना करो, भाई. पथ्थर एनी मेळे छूटशे." हे वाक्य मी त्यानंतर रोज स्वतःशी म्हणतो. दगड त्याचा तो सुटेल. सुटतो खरंच, पण त्याआधी तुझी तयारी झालेली असावी लागते.

तो दगड येतो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडून. तिथल्या टेकडीवर बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. आपल्याकडे युरोपासारखी खडूच्या थरांत मिळणारी चकमक नाही. आपल्या दख्खनच्या लाव्ह्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका भरत गेली आणि त्याचा अकीक झाला. खाणीतून काढलेला दगड आधी बरेच दिवस उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. आच घाईची झाली तर दगड आतून तडकतो. भाजल्यावर त्यातलं लोह लाल होतं आणि पिवळट-तपकिरी दगडाला तो तांबडा रंग चढतो. शिवाय भाजलेला अकीक जास्त सहज सुटतो. हडप्पाकाळच्या लोथल शहरातल्या मणीकारांनीही अकीक असाच भाजला होता, चार हजार वर्षांपूर्वी.

आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागातल्या कुलदीप भान यांनी केनॉयर आणि विदाले या परदेशी अभ्यासकांबरोबर याच खंभातच्या कारागिरांचं काम नोंदवून ठेवलं आहे. हडप्पाकाळचे कारखाने समजून घ्यायला त्यांना आजचे हात बघावे लागले. फ्रान्सच्या व्हॅलेंटाइन रू आणि ब्लँडीन ब्रिल यांनी तर कारागिरांच्या हातोडीला यंत्र लावून तिची गती मोजली. त्यांनी मुद्दाम अकीकाऐवजी काच दिली. काच अकीकापेक्षा नाजूक. मुरलेल्या कारागिराचा हात आपसूक हलका झाला, कच्च्या कारागिराचा हात तसाच पडत राहिला. हे वाचल्यावर मी माझी हातोडी खाली ठेवली आणि कच्च्या हाताने पहिल्यांदा काय शिकायचं ते मला कळलं.

तर माझी शाळा. बाणाच्या टोकासाठी मणीवाल्यांची सळई लागत नाही. शेवटचं काम मारून होत नाही, दाबून होतं. काचवाल्याकडून जाड काचेचे वाया गेलेले तुकडे आणले. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची जाड तांब्याची तार वीतभर घेतली, ती एका मोडक्या लाटण्याच्या मुठीत भोक पाडून ठोकली आणि पुढचं टोक कानशीने घासून बोथट-अणकुचीदार केलं. डाव्या तळहातावर जाड चामड्याचा तुकडा. झालं सामान. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला ना, ओट्झी, त्याच्या कमरेच्या सामानात अगदी असंच हत्यार होतं. पेन्सिलीसारखा लाकडी दांडा आणि आत घुसवलेला हरणाच्या शिंगाचा सुळका. त्याच्या भात्यात चौदा बाण होते, पैकी दोनच टोकं बसवून पुरे झालेले. आणि दहा वर्षांनी क्ष-किरणांत दिसलं की त्याच्या डाव्या खांद्यात दुसऱ्या कुणाच्या बाणाचं गारेचं टोक रुतून बसलंय. त्या माणसाचं ते अर्धवट काम वाचल्यापासून मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटते.

आता कृती सांगतो, कारण तू आलास की पहिला तास मी तुला फक्त कड घासायला लावणार आहे. काचेची कड धारदार असते आणि धारदार कडेवर तांबं टेकवून दाबलं तर ती नुसती चुरचुर चुरते, टवका निघत नाही. म्हणून जुन्या सहाणेच्या तुकड्याने कड घासून मुद्दाम बोथट करायची. मग तांब्याची अणी त्या कडेवर ठेवायची, आधी आत, तुकड्याच्या पोटाकडे रेटायचं, आणि जोर पुरता भरला की जरासं खाली. टवका खालच्या बाजूने, चामड्यात पडतो. लांब, पातळ, माशाच्या खवल्यासारखा. कड तुकड्याच्या मध्यरेषेच्या जराशी खालीच हवी, नाहीतर टवका अर्ध्यात तुटतो आणि तिथे एक पायरी राहते. एकदा पायरी पडली की पुढचा टवकाही तिथेच अडतो, आणि मग ती हटवायला पलीकडच्या बाजूने कितीदा तरी यावं लागतं. माझे पहिले चार महिने पायऱ्यांतच गेले. टोक जवळजवळ झालेलं असायचं आणि खाचा पाडताना मधोमध मोडायचं. दोन्ही अर्धे हातात घेऊन मी गप्प बसायचो. सुमन चहा ठेवून निघून जायची, काही विचारायची नाही. जूनमध्ये एक टवका चामड्याच्या कडेवरून तळहातात शिरला, तीन टाके पडले. काचेचा ताजा टवका लागतो तेव्हा दुखत नाही, फक्त ओलं लागतं. तेव्हापासून हातमोजा आणि चष्मा दोन्ही.

सप्टेंबरपासून दगडावर आलो. संखेड्याला गेलो होतो तेव्हा ओरसंग नदीच्या पात्रातून गारेचे दगड आणले. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतात तशी गार दुसऱ्या गारेने वाजवून बघायची. खणखणीत बोलली तर घ्यायची, बद्द आली तर आत चीर आहे, तिथेच ठेवायची. एक मात्र पथ्य पाळतो. ओरसंगच्या खोऱ्यात प्राचीन माणसाच्या दगडी हत्यारांची ठिकाणं आहेत, म्हणून नदीच्या ओल्या गोट्याखेरीज कशालाही हात लावत नाही. आणि माझे टवके एक कणही नदीत किंवा माळावर टाकत नाही. सगळे डब्यात भरून वर तारखेची चिठ्ठी. उद्या कुणी अभ्यासक तिथे आला आणि माझा कालचा टवका त्याने पाच हजार वर्षांचा समजून घेतला, तर ते मला सहन होणार नाही.

आपल्याकडची गंमत वेगळीच आहे. असली पानासारखी टोकं इथे विरळा. इथल्या माणसांनी बोटाच्या पेराएवढ्या अर्धचंद्र आणि त्रिकोणी कपच्या काढल्या आणि डिंकाने बाणाच्या दांड्यात बसवल्या. एक तुटली तर तेवढीच बदलायची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळियांनी मेहसाण्याजवळच्या लांघणजला उत्खनन केलं, तिथे अशा सूक्ष्म हत्यारांबरोबर गुडघे पोटाशी घेऊन पुरलेली माणसं मिळाली. आणि गेंड्याच्या खांद्याचं एक हाड मिळालं, बारीक खळ्या पडलेलं. त्यावर टेकवून कपच्या काढत असावेत असा अंदाज आहे. गुजरातच्या रेताड माळावर गेंडा, आणि त्याच्या हाडावर टेकवून कुणीतरी टिक्‌ टिक्‌ करतंय! भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार ज्यांना १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरमला मिळालं, ते ब्रूस फूट निवृत्तीनंतर आपल्या बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते, हे तुला माहीत होतं? मला साठाव्या वर्षी कळलं.

आता एक जड गोष्ट. डिसेंबरात मी पुन्हा खंभातला गेलो, माझी टोकं दाखवायला. चाचांनी एक उचललं, उन्हात धरलं, अंगठ्याने पायऱ्या मोजल्या आणि मान हलवली, बरी आहेत म्हणून. मग त्यांना खोकला आला आणि तो थांबेना. त्यांचा धाकटा भाऊ घासणीच्या चाकावर काम करायचा, तो पन्नाशीच्या आत गेला. सिलिकोसिस. अकीक घासताना जी धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते आणि फुप्फुस हळूहळू दगड होत जातं. याला औषध नाही. चाकावर बसणाऱ्यालाच नाही, शेजारी राहणाऱ्यालाही ती धूळ लागते. बंडू, आपल्या त्या गोट्या तशाच चाकावर घासल्या गेल्या होत्या रे. खिशात खुळखुळवत हिंडायचो आपण. परत येताना बसमध्ये मला दुसरं काही सुचत नव्हतं. आता मी त्यांच्याकडे जाताना मास्कची पेटी नेतो. त्याने काय होणार, हे मलाही कळतं. पण रिकाम्या हाताने त्या ओसरीत बसवत नाही. मी स्वतः फक्त उघड्या गच्चीवर बसतो, मास्क लावून. सतरंजी झटकत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, आणि कपडे वेगळे धुतो. तू येशील तेव्हा तुलाही हे सगळं करावं लागेल, त्यात सूट नाही.

चाचांचा मुलगा सुरतेला हिऱ्याच्या कामावर आहे, नातू मोबाइलच्या दुकानात. ओसरीत तिसरं कुणी शिकायला बसलेलं मी पाहिलं नाही. कॅलिफोर्नियात १९११ साली 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा उरलेला माणूस डोंगरातून खाली आला. त्याला लोक इशी म्हणत. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला, तिथे बघायला येणाऱ्यांसमोर बाटलीच्या काचेची टोकं घडवायचा, आणि पाच वर्षांत क्षयाने गेला. आज जगभर हौसेने टोकं करणारे त्याचं नाव घेतात. मला चाचांचं नाव घ्यायचं आहे ते त्यांच्यासमोर बसून. म्हणून फेब्रुवारीत महिनाभर दर गुरुवारी जायचं ठरवलंय. त्यांनी सळई रोवायची परवानगी दिली आहे, स्वतःच्या शेजारी.

तू त्यातल्या एका गुरुवारी ये. बुधवारी रात्रीपर्यंत इथे पोचलास तर सकाळी सेव-उसळ खाऊन पहिल्या बसने निघू. येताना तुझ्याकडे जुन्या बुटाचं किंवा पट्ट्याचं जाड चामडं असेल तर आण, माझं फाटत आलंय.

सोबत कापसात गुंडाळून कालचं टोक पाठवतोय, काडेपेटीत. काळं दिसतं, पण उजेडात धरलंस तर कडा मधासारख्या दिसतील, ती ओरसंगची गार आहे. डाव्या बाजूला बुडाशी एक छोटी पायरी आहे, ती माझ्याकडून निघाली नाही. पेटी टेबलावर ठेवून उघड आणि कडेवरून बोट फिरवू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ