डोक्यावर हात ठेवा, पण गोळ्या सोडायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या केळापूर तालुक्यात ख्रिस्ती उज्जीवन सभांचे मंडप पडतात. दिवाळी आटोपलेली असते, पहिल्या वेच्याचे चार पैसे हातात आलेले असतात, आणि टिनाच्या शेडमध्ये किंवा शाळेमागच्या पटांगणात बाहेरगावचे प्रचारक तीन-तीन रात्री बोलतात. गाणी सुरेख असतात. मीही जाते. ढोलकी वाजायला लागली की या वयातही हात आपोआप टाळी धरतात. माझं भांडण सभेशी नाही, तिच्या शेवटच्या अर्ध्या तासाशी आहे.

मी निवृत्त आरोग्यसेविका. नर्सिंग मिशनच्या दवाखान्यात शिकले, नोकरी सरकारी आरोग्य केंद्रात केली आणि आता आमच्या लहानशा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत आहे. म्हणजे हे पत्र बाहेरच्या माणसाचं नाही. दुखणाइतासाठी मंडळीच्या वडीलजनांनी प्रार्थना करावी, त्याला तेल लावावं, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलंच आहे, आणि कितीतरी खाटांशेजारी उभी राहून मीही प्रार्थना केली आहे. पण त्या शेवटच्या अर्ध्या तासात आजाऱ्यांना पुढे बोलावतात, हात ठेवतात, लगेच माईक पुढे करून बरं झाल्याची साक्ष घेतात, आणि वर विचारतात, "आता गोळ्या कशाला? विश्वास आहे ना?"

शेजारच्या गावातली दहावीतली एक मुलगी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं ग्रस्त, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही आलेला. दुखण्याचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि फॉलिक ॲसिड रोज सुरू, त्यामुळे बरेच दिवस मोठं दुखणं आलेलं नव्हतं. सभेत तिच्यावर हात ठेवला गेला. पुढे मी घरी गेले तर आई म्हणाली, "लेकीले आता काई नाई होत बाई. गोया बंद केल्या. त्या पास्टरनंच सांगतलं." नाताळच्या नाटकात पोरगी मरिया झाली होती, अगदी टवटवीत. मंडळीतल्या बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. जानेवारीच्या थंडीत ताप आला, छातीत कळा सुरू झाल्या, धाप लागली. यवतमाळला नेलं, रक्त चढवलं, वाचली. प्रचारक तोवर दुसऱ्या जिल्ह्यात पोचले होते. तिच्या साक्षीचा व्हिडिओ मात्र अजून मोबाईलवर फिरतो.

त्या साक्षीत मुलगी खोटं बोलली नव्हती. तिला खरंच बरं वाटत होतं. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पण दुखणं सतत नसतं, झटक्यानं येतं. थंडी, पाणी कमी पिणं, अतिश्रम, ताप यांनी झटका उठतो. दोन झटक्यांच्या मधे माणूस शेतातही जातो आणि वेचणीही करतो. कॅप्सूल बंद केली तरी तिचा असर एका दिवसात उतरत नाही. म्हणजे सभेच्या रात्री गोळी सोडली तर पुढचे काही आठवडे चांगले जाण्याचीच शक्यता जास्त, आणि साक्ष घेतली जाते ती नेमकी त्याच दिवसांत. साक्ष सहा महिन्यांनी घ्या, डॉक्टरांना दाखवून घ्या, असं मी सुचवलं तेव्हा एका तरुण पास्टरांनी मला थोमा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणारा शिष्य, म्हटलं. थोमाला प्रभूनं जखमा दाखवल्या, मंडळीबाहेर काढलं नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं.

क्षयरोगाचंही असंच. साध्या क्षयाचं औषध सहा महिन्यांचं. पहिल्या दोन महिन्यांतच खोकला उतरतो, भूक लागते, अंग भरतं. तिथे कोणी "बरा झालास" म्हणून हात ठेवला की उरलेले महिने वाया. राहिलेले जंतू मग औषधाला जुमानत नाहीत, आणि ते घरातल्या लेकरांपर्यंत पोचतात. फिट येणाऱ्याची गोळी एकदम तोडली तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो. मार्काच्या नवव्या अध्यायात विस्तवात आणि पाण्यात पडणारा मुलगा आहे. भूत काढणाऱ्यांना तो वचन म्हणून पाठ असतो. मला तो वाचताना फिट येऊन विहिरीत नाहीतर चुलीत पडणारी बाई दिसते.

वेचणीच्या दिवसांत साप निघतात म्हणून एक कायद्याची गोष्टही सांगते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तिथे भगत, बाबा, महाराज की पास्टर असा भेद नाही. आमच्या मंडळीवर दगड मारायला हे पत्र कोणाला उपयोगी वाटलं तर त्यांनी आधी आपल्या गावातला अंगाऱ्याचा पाट बघून यावा.

आता वचनाबद्दल, कारण पास्टर लोकांशी वचनातूनच बोलावं लागतं. औषधाविरुद्ध नेहमी आसा राजा काढला जातो. दुसऱ्या इतिहासाचा सोळावा अध्याय. आसाच्या पायांना रोग झाला आणि तो परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला, असं तिथे आहे. खरं आहे. पण दोनच ओळी वर वाचा: कान उघडणाऱ्या हनानी द्रष्ट्याला त्यानं तुरुंगात टाकलं होतं आणि प्रजेतल्या कित्येकांना छळलं होतं. देवाकडे पाठ फिरवली हा त्याचा दोष होता. वैद्य बोलावणं हाच अपराध असता तर पौलानं लूकला "प्रिय वैद्य" म्हटलं नसतं आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं नसतं. हिज्कीया राजाला तर पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून मिळाल्याचं वचन देवाकडून यशया संदेष्ट्यामार्फत आलं होतं, आणि त्याच यशयानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. वचन मिळालं म्हणून लेप काढून टाकला नाही. दहा कुष्ठरोग्यांना येशूनं याजकांना जाऊन दाखवा म्हटलं, ते कशाला? कुष्ठ गेलं की नाही हे तपासून सांगण्याचा अधिकार तेव्हा याजकाचा होता. आज ते काम तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी करतो.

आणि हे विदर्भातल्या ख्रिस्ती माणसाला शिकवावं लागावं याचं मला जास्त वाईट वाटतं. परतवाड्याजवळचं कोठारा, आमच्या जिल्ह्यातलं उमरी, वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, नागपूरचं म्युअर मेमोरियल, या मिशन दवाखान्यांची नावं आमच्या आजी-आजोबांना चर्चच्या नावांइतकीच पाठ होती. मी शिकत होते तिथे ओपीडी प्रार्थनेनं उघडायची, आणि प्रार्थना संपली की डॉक्टर हात धुवून सुई घ्यायचे. दोन्हींत कोणाला विरोध दिसत नव्हता. कुष्ठरोग्याच्या जखमा धुणारी माणसं रोज प्रार्थना करत होती, आणि गोळ्याही मोजून देत होती.

पण सगळा दोष पास्टरांच्या माथी मारणं सोपं आहे. आमच्यासारख्या पंचवीस-तीस घरांच्या मंडळीचा पास्टर अर्पणाच्या थैलीवर जगतो. सोयाबीनचा भाव पडला की थैली हलकी. त्यात मोटरसायकलचं पेट्रोल, पोरांची फी. आणि आपण मंडळीतले लोक त्याला मोजतो कशावर? "त्या चर्चात लंगडा चालला, आमच्या पास्टरच्या प्रार्थनेनं कोण बरं झालं?" हे वाक्य मी महिला मंडळात कानांनी ऐकलं आहे. चार घरं उठून दुसऱ्या सभेला जायला लागली की बिचारा पास्टरही माईक उंच करतो. म्हणून माझं पहिलं सांगणं मंडळ्यांना आहे. पास्टरला दरमहा ठरलेला पगार द्या, भले थोडा असो, पण ठरलेला. आणि तो घराघरांत किती वेळ बसतो ते बघा, मंचावर काय घडवतो ते नको.

पास्टर घरी येऊन काय करू शकतो ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे काही वर्षं एक पाळकसाहेब होते, आवाज बारीक, उपदेशाला फार गर्दी व्हायची नाही. क्षयाचा रुग्ण असला की ते त्याच्या औषधाच्या वेळी जायचे. आधी गोळीची पट्टी मागायचे, कुठपर्यंत आली ते बघायचे, मग पाण्याचा पेला हातात देऊन प्रार्थना करायचे, आणि आमेन झालं की गोळी घ्यायला लावायचे. पाळकीणबाई येताना शेंगदाण्याचा लाडू आणायच्या. त्यांच्या काळात आमच्या गावात एकाही ख्रिस्ती रुग्णाचं औषध अर्धवट सुटलं नाही. पास्टर घडवणाऱ्या सेमिनरीत हे शिकवतात की नाही मला माहीत नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पर्यंत आमच्या यवतमाळात होती, मग पुण्याला गेली. नाहीतर मी स्वतः जाऊन विचारलं असतं.

असं काम करायला पैसे लागत नाहीत, माहिती लागते. क्षयाच्या रुग्णाला सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, पण खातं आधारशी जोडलेलं नसेल तर अडकतात. मंडळीतल्या कॉलेजच्या पोराला हे काम द्या. मंडळी स्वतः निक्षय मित्र होऊन एखाद्या रुग्णाच्या आहाराचा भार उचलू शकते, आणि कापणीच्या सणाला अर्पणात आलेली तूर-ज्वारी त्यासाठी कामी येते. सिकलसेल हा २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाच्या यादीत आला आहे. प्रमाणपत्र काढायला नेणारं कोणी नसतं म्हणून कित्येक घरं तशीच राहतात. तिथे पास्टरची एक फेरी दहा साक्षींच्या तोलाची आहे.

एक जपून करायची गोष्ट. उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या वाचताना आजाराचं नाव घेऊ नका. "अमक्याच्या मुलीला सिकलसेल निघालं, प्रार्थना करा" असं एकदा भरसभेत बोललं गेलं आणि त्या घरी येणारं स्थळ परत गेलं. मुलगी फक्त वाहक होती, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेली, तिला काहीही त्रास नव्हता. नाव देवाला ठाऊक असतं. माईकवरून ते गावाला कळवायची गरज नाही.

आणि स्थळाचा विषय निघालाच आहे तर ज्यासाठी मी मुळात हे पत्र लिहायला बसले ते सांगते. नाताळानंतर आणि पुन्हा ईस्टरनंतर आमच्याकडे लग्नं असतात. बऱ्याच मंडळ्यांत लग्नाआधी तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावं जाहीर करतात, कोणाची हरकत आहे का ते विचारतात. ती पहिली घोषणा वाचण्याआधी पास्टरनं दोघांना एवढंच विचारावं: सिकलसेलची तपासणी झाली का? विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या घरांत हा आजार जास्त आहे, आणि आमच्या मंडळ्या बहुतेक त्याच घरांतल्या आहेत. रिपोर्ट पास्टरनं मागू नये, वाचू नये, फाईलला लावू नये. तो त्या दोघांचा. दोघेही वाहक निघाले तर लग्न मोडा असं सांगण्याचा अधिकार पास्टरला नाही, मलाही नाही. पण त्यांना समजावून सांगायला हवं की प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रत्येक वेळी. लोक त्याचा अर्थ चार लेकरांत एकच आजारी असा लावतात, पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली असं धरून चालतात, आणि मी एकाच घरात एका खाटेवर दोन लेकरं पाहिली आहेत. गर्भातल्या तपासणीचा आणि त्यापुढच्या निर्णयाचा प्रश्न मोठा आहे, त्यावर मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत, तो मी इथे उघडत नाही. लग्नाआधी कळलं तर निदान त्या दोघांना विचार करायला वेळ मिळतो.

तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बोट टोचून केलेली पहिली, सोल्युबिलिटीची चाचणी लगेच कळते, पण वाहक की ग्रस्त ते तिच्यातून समजत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते आणि तिचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. तेव्हा पहिल्या घोषणेच्या महिनाभर आधी मुलामुलीला पाठवा. जानेवारीतली लग्नं ठरलेली असतील तर याच आठवड्यात.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. केळापूर, जि. यवतमाळ
(मुलीच्या घराची ओळख पटू नये म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये, ही विनंती.)