लिस्बनला निघालेल्या सुध्यास

प्रिय सुध्या,

तिकिटं काढलीस, तीही एप्रिलअखेरची, हे झकास केलंस. वहिनींच्या गुडघ्यांची काळजी तू लिहिली आहेस आणि पत्राच्या शेवटी हळूच विचारलंयस, "तिकडे आपल्या वसईचं काही दिसतं का रे?" दोन्हींची उत्तरं एकत्रच देतो. पाल्हाळ लागेल, पण तुला माझी सवय आहे.

आधी गुडघे. लिस्बनमध्ये चढ-उतार टळत नाहीत. पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बेसाल्टच्या बारीक तुकड्यांचे, नक्षी काढून बसवलेले. दिसायला देखणे, आणि पाऊस पडला की पावसाळ्यातल्या विहिरीच्या काठासारखे निसरडे. वहिनींना चांगल्या रबरी तळव्याचे बूट घे, सँडल नको. राहायचं बायशा भागात. तेवढाच सपाट आहे. तिथून वर शियादोला जायचं तर बायशा-शियादो मेट्रो स्टेशनचे सरकते जिने धरायचे, ते अर्धा डोंगर चढवून देतात. सांता जुश्ता नावाची 1902 सालची लोखंडी लिफ्ट आहे, 45 मीटर उंच. बघ जरूर, पण खालून. मी गेलो तेव्हा वर जायला जी रांग होती तेवढ्या वेळात एक अख्खं संग्रहालय झालं असतं.

बायशा तुला आरसीसीवाला म्हणूनही आवडेल. 1755 च्या 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्र आत आला आणि जे उरलं ते आगीत गेलं. नंतर पोंबाल नावाच्या खमक्या प्रधानाने हा भाग काटकोनात आखून नव्याने उभारला. त्या घरांच्या दगडी भिंतींच्या पोटात फुल्याफुल्यांचा लाकडी सांगाडा आहे, जमीन हलली तर घराने सोबत डुलावं म्हणून. सांगाड्याचा नमुना करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली होती म्हणतात. अठराव्या शतकातली भूकंपरोधक बांधणी! तुमच्या हल्लीच्या बिल्डरांना दाखवायला हवी.

शियादोहून पाच पावलांवर कार्मोचा मठ. सुध्या, बाकी काही चुकलं तरी हे चुकवू नकोस. 1389 साली बांधायला घेतलेलं चर्च, भूकंपात छप्पर कोसळलं ते पुन्हा पुरतं बसवलंच नाही. टोकदार कमानी तशाच उभ्या, वर नुसतं आकाश, खाली गवत. मी आत पाऊल टाकलं आणि तडक वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये पोचलो. फरक एवढाच, की इथे भग्नपण झाडून-पुसून तिकीट लावून ठेवलंय आणि आपल्याकडे त्यात प्री-वेडिंगचे फोटो काढतात. मागच्या खोल्यांत छोटं संग्रहालय आहे, त्यात पेरूच्या दोन ममी का ठेवल्यात ते त्यांनाच ठाऊक.

चर्चसमोरचा चौक मात्र खास तुझ्यासाठी. 25 एप्रिल 1974 ला लष्कराने हुकूमशाहीविरुद्ध उठाव केला तेव्हा पंतप्रधान काएतानो इथल्याच पोलीस बराकीत अडकून पडले होते. बाहेर सैनिक, रणगाडे आणि बघ्यांची तोबा गर्दी. संध्याकाळी त्यांनी सत्ता सोडली, आणि बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी खोचलेल्या लाल फुलांमुळे ती क्रांती कार्नेशनची ठरली. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ते या क्रांतीनंतर, त्याच वर्षाच्या शेवटी. म्हणजे 1961 च्या डिसेंबरपासून तेरा वर्षं हे लोक नकाशात गोवा आपलाच समजत होते! तू तिथे असशील तेव्हा 25 एप्रिल येतोय. त्या दिवशी सुट्टी असते आणि माणसं कार्नेशन लावून रस्त्यावर उतरतात. बघण्यासारखं ते आहे.

आता बेलेम. 15 नंबरची ट्राम थेट नेते. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद आणि 1 मे लाही बंद, हे डायरीत लिहून ठेव. राजा मानुएलने तो पूर्वेच्या व्यापारावर बसवलेल्या सुमारे 5 टक्के कराच्या पैशांतून बांधला. खांबांवर दोरखंड, समुद्री झाडं, गाठी सगळं दगडात कोरलेलं, आणि भूकंपातही चर्च जवळपास शाबूत राहिलं. दारातून आत शिरलं की वास्को द गामाची कबर. हा गृहस्थ 1524 मध्ये कोचीला वारला, पहिल्यांदा पुरला तोही तिथेच. हाडं मागाहून पोर्तुगालला नेली आणि या चर्चमध्ये तर 1880 ला आणली. कबरीपाशी शाळेची मुलं रांगेत उभी होती. बाई त्यांना धाडस आणि शोध याविषयी सांगत असाव्यात. मला मिऱ्याचा हिशेब दिसत होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू.

नदीकाठी 'शोधांचं स्मारक' म्हणून 1960 चं एक भलंमोठं दगडी जहाज आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचं काम, मला भावलं नाही. त्यापेक्षा पुढे बेलेमच्या बुरुजाकडे जा आणि पश्चिमेच्या एका टेहळणी-घुमटीखाली बघ. झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. त्याची गोष्ट अशी, की गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याने गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाकडे दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. गोव्याहून जहाजात चढवलेला तो प्राणी 1515 च्या मे महिन्यात जिवंत लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीनेच पळ काढला. पुढे त्याला पोपला भेट म्हणून पाठवलं आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न बघता, ऐकीव वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन यांवरून त्याचं ते प्रसिद्ध चित्र कोरलं. किल्ल्याऐवजी गेंडा! वहिनींना ही गोष्ट तिथेच उभं राहून सांग.

तुझ्या वसईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, सरळ काहीच नाही. 1534 ला पोर्तुगीजांना मिळालेली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी घेतलेली वसई मला कुठल्या फलकावर आढळली नाही. गोवा येतो, कालिकत येतं, मकाव येतं. हरलेली लढाई कोण भिंतीवर लावणार? आपणही कुठे लावतो. पण आडवाटेने हिंदुस्थान भेटत राहतो, आणि सगळ्यात जास्त भेटतो सिंत्रामध्ये.

सिंत्राला रोसियु स्टेशनवरून लोकल जाते, साधारण 40 मिनिटं. लोक एका दिवसात पेनाचा राजवाडा, मूरांचा किल्ला, रेगालेइरा आणि वर काबू दा रोका असं सगळं कोंबतात आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत मान टाकून झोपतात. तू दोनच ठिकाणं कर. पेना घ्यायचं तर सकाळची पहिली वेळ आधीच आरक्षित कर. लाल-पिवळा राजवाडा राजा फर्नांदो दुसरा याने एकोणिसाव्या शतकात बांधला. आत दाटी फार, बाहेरची बाग अप्रतिम. रेगालेइराची ती जमिनीत उतरणारी गोल विहीर वहिनींसाठी नाहीच, पायऱ्या ओल्या असतात.

दुसरं ठिकाण मॉन्सेरातचा राजवाडा आणि बाग. गर्दी नाही, आणि बागेत हिंदुस्थानातून आणलेली एक कोरीव कमान उभी आहे. मी तिथवर चालत गेलो, कारण त्या बाजूला पेन्हा व्हेर्देची वाडी आहे. ती जोआंव द कास्त्रुची, जो गोव्याला कारभारी होता आणि 1548 मध्ये तिथेच वारला. दीवचा मोडलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते म्हणून याने गोव्याच्या नगरसभेकडे तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले होते. तर याच्या वाडीत सोमनाथ पाटणहून नेलेला संस्कृत शिलालेख आहे, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, 1287 चा. अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ति म्हणतात. वाडी खाजगी असल्याने आत सोडत नाहीत. मी रस्त्यावरची शेवाळलेली भिंत पाहून परत फिरलो. तू वेडा आहेस, तूही जाशील.

एव्होरा गावची हाडांची कोठडी आणि रोमन देऊळ चांगलं आहे, पण दिवस जातो. गुडघे कुरकुरत असतील तर सोड आणि कासकाइशला समुद्रावर बस.

खाण्याचं थोडक्यात. हॉटेलात न मागता पाव आणि ऑलिव्ह ठेवतात ते फुकट नसतं, नको असेल तर उचलायला सांग. काल्दु व्हेर्द हे पालेभाजीचं सूप शाकाहारी दिसतं पण त्यात सॉसेजची चकती असते. वहिनींच्या उपवासाच्या दिवशी विचारून घे. कॉफीच्या टपरीवर 'शामुसा' मिळतो, म्हणजे आपला समोसाच, पण बहुधा आत खिमा. बेलेमला 1837 पासून चालत आलेल्या दुकानातली गरम कस्टर्डची वाटी मात्र दालचिनी भुरभुरून खाच, आणि वहिनींसमोर दुसरी मागवताना लाजू नकोस. आपल्या हातचं जेवण आठवलं तर मार्तिम मोनीशच्या आसपास मसाल्याची दुकानं आणि नेपाळी, बांगलादेशी खाणावळी आहेत.

तिथूनच 28 नंबरची ट्राम निघते. दुपारी तिच्यात शिरू नकोस, नुसती चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. सकाळी आठच्या आत बस, खिडकी मिळते आणि आल्फामाच्या गल्ल्यांतून ती घरांना इतकी खेटून जाते की हात काढायची इच्छा होते. वहिनींचं सगळं जुनं शहर बसल्याजागी बघून होईल.

जायच्या आधी मला फोन कर. माझ्याकडे शिल्लक रक्कम असलेली दोन ट्रामकार्डं आहेत, ती घेऊन जा. काकूंना नमस्कार सांग, आणि दाढी कुठेही गहाण ठेवू नकोस.

तुझा,
नंदू