अण्णा, तो फळा कुणाला पुसू दिला नाहीत म्हणून

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

परिषदेसाठी दिलेल्या मंगल कार्यालयाचं बिल परवा मागायला आले तेव्हा तुम्ही विषय टाळलात आणि चहा पुढे केलात. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘असू द्या ओ मॅडम’ म्हणून उठून जाता. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. ज्यांनी ऐनवेळी हात वर केले त्यांच्याही नजरेस हे पडावं, अशीही इच्छा आहेच. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

सोलापुरात सैद्धांतिक संगणकशास्त्राची, म्हणजे संगणकामागच्या गणिताची, परिषद घ्यायची म्हटल्यावर जिथे जावं तिथे एकच प्रश्न, याचा उपयोग काय? एका साहेबांनी विषयपत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘यात एआय कुठंय? एआय घाला, मग प्रायोजकाचं बघू.’ दुसऱ्यांनी प्लेसमेंटचं विचारलं. तिसऱ्यांनी तोंडभर आश्वासन दिलं, आमच्यासोबत फोटो काढला आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. इथपर्यंत ठीक, असं चालायचंच. पण ज्यांनी सभागृहाचा शब्द दिला होता त्यांनी परिषदेच्याच आठवड्यात ‘वरून फोन आलाय, त्या दिवशी सत्काराचा कार्यक्रम आहे’ म्हणून मोकळं व्हावं, हे अजून घशाखाली उतरत नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या, पाहुण्यांची तिकिटं निघाली होती. आणि हा निरोपसुद्धा शिपायाकरवी. स्वतः फोन करून ‘चुकलं हो’ म्हणायला काय पडलं होतं?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या ताईचं लग्न तुमच्या मंगल कार्यालयात झालं होतं, तेवढ्या ओळखीवर आम्ही पूर्व भागात तुमच्या दारात येऊन उभे राहिलो. तुम्ही विचारलंत, ‘माणसं किती, आणि जेवण कुणाचं?’ बस्स. उपयोग विचारला नाहीत. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून साखरपुडा आहे, तेवढे तास सोडून सगळं तुमचं, म्हणालात.

आपल्या देशात या विषयाची मोठी परिषद 1981 पासून दर वर्षी भरते. आमची तिच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. पण चेन्नईहून, मुंबईहून माणसं आली होती, आणि सोलापूरच्या मुलांना ती एरवी कुठे भेटणार? मुंबईचे सिद्धेश्वर एक्सप्रेसने भल्या सकाळी उतरले आणि थेट स्टेजवरचे ‘शुभविवाह’ लिहिलेले थर्माकोल बघत उभे राहिले. तुम्ही धावत जाऊन ते काढवलंत, पण नवरा-नवरीच्या दोन सिंहासनी खुर्च्या मात्र राहिल्या. सत्राध्यक्षांना त्यातल्या एका खुर्चीवर बसवलं तेव्हा मुलांनी जी हसायला सुरुवात केली ती चहापर्यंत थांबली नाही. दुसऱ्या खुर्चीवर बसायला कुणी तयार होईना.

मग फळ्याची मागणी आली. प्रोजेक्टर आम्ही आणला होता, तुमच्याकडेही होता. पण या विषयातली जुनी माणसं सिद्धता खडूनेच मांडतात. स्लाइडवर ती भराभर पुढे सरकते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याचा हात जेवढा चालतो तेवढंच ऐकणाऱ्याचं डोकं. तुम्ही ‘फळा?’ एवढंच म्हणालात आणि जवळच्या रात्रशाळेतून लाकडी चौकटीतला भला मोठा फळा टेम्पोत घालून आणलात. एक कोपरा उडालेला होता. त्यावर चेन्नईच्या सरांनी जे लिहिलं ते तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण दोन दिवस तुम्ही दारात उभं राहून ऐकत होतात.

एखादी संख्या अविभाज्य आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही का, हे कसं ओळखायचं? सतरा लगेच ओळखता येते. शेकडो अंकांची असेल तर भागून बघण्यात जन्म जाईल. फोनवरून पैसे पाठवताना आपल्याला न दिसणारी जी कुलपं लागतात ती असल्या मोठ्या अविभाज्य संख्यांवर उभी असतात. नाणेफेकीसारखा नशिबाचा आधार घेणाऱ्या पद्धती होत्या, वेगवानही होत्या, आणि खरं सांगायचं तर व्यवहारात आजही त्याच चालतात. पण नशिबावर काहीही न सोडता, आणि अंक वाढले तरी वेळ आवाक्यात ठेवून, हे ठामपणे सांगता येतं का, हे कुणाला सिद्ध करता येत नव्हतं. 2002 मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी ते करून दाखवलं. ते दोघे तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते. सरांनी हे सांगितलं तेव्हा आमच्या मागच्या बाकावरची पोरं एकदम ताठ बसली. प्लेसमेंटचं विचारणाऱ्या साहेबांनी तो क्षण बघायला हवा होता.

तर ती सिद्धता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ध्यात थांबली. एका समूहात कमीत कमी किती घटक असतात, ती खालची मर्यादा फळ्यावर आली होती. संख्या अविभाज्य नसती तर त्याच समूहाला वरची मर्यादा किती पडली असती, ते राहिलं. दोन्हींचा मेळ बसत नाही, आणि तिथेच सगळं सिद्ध होतं. सर म्हणाले, ‘उद्या सकाळी इथूनच पुढे.’ आणि बाहेर साखरपुड्याचे मांडववाले येऊन उभे.

मला वाटलं, संपलं. फळा पुसला जाणार, सरांना सकाळी अर्धा तास सगळं परत लिहावं लागणार. आम्ही मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि पाहुण्यांना घेऊन जेवायला गेलो. रात्री माइकचा चार्जर घ्यायला परत आले तेव्हा स्टेजवर फुलं होती, फळा नव्हता. तुम्ही खिशातून किल्ली काढून रुखवताची खोली उघडलीत. फळा भिंतीकडे तोंड करून उभा होता, भिंतीपासून हातभर लांब. दोन बाजूंना दोन खुर्च्या, आणि त्यांच्या पाठींवरून तुमची मोराची चादर अशी ताणून टाकलेली, की कापडाचा एक धागाही खडूला लागणार नाही. खाली एका वाटीत सरांनी वापरलेला अर्धा खडू.

मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, ‘जकार्डवर डिझाइन अर्ध्यात असलं की मागाला कुणी हात लावत नाही, मॅडम. आम्ही उचलताना आडवा केला नाही. उभाच आणला.’

अण्णा, चादरीच्या कारखान्यात तुमची उमेदीची वर्षं गेली हे मला तेव्हा कळलं. सकाळी सरांना सांगितलं तर ते व्याख्यान सोडून तुम्हालाच शोधत आले. त्यांची घरची भाषा तेलुगू निघाली आणि तुम्ही दोघे जे सुरू झालात, ते आम्ही बाकीचे नुसते तोंडाकडे बघत. तुमच्या मुलाने नंतर मला सांगितलं काय बोलणं झालं ते. फ्रान्समधल्या जकार नावाच्या माणसाने 1804 च्या सुमारास भोकांच्या कार्डांवर चालणारा नक्षीचा माग केला, तोच तुमचा जकार्ड, आणि पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज याने तीच कार्डं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. त्याच्याकडे जकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं, आणि ते विणायला 24,000 कार्डं लागली होती. हा आकडा ऐकून तुम्ही म्हणालात म्हणे, ‘ओवणाऱ्याचं काय झालं असेल!’ सर पुढच्या सत्रात हे सगळ्यांना सांगत होते. आमच्या क्षेत्रातलं कुणी त्या कार्डं ओवणाऱ्याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही.

मोठं सभागृह देणारे, देतो म्हणून न देणारे, हार घालून घेणारे, सगळे बघून झाले. त्यांच्याकडे जागा होती, गाद्यांच्या खुर्च्या होत्या, एसी होता. समोरच्याचं काम आपल्याला कळत नसलं तरी ते काम आहे, आणि कामाला हात लावायचा नसतो, एवढी साधी अदब मात्र नव्हती. ती अदब अजून पुष्कळ ठिकाणी आहे. एसटीच्या कंडक्टरकडे आहे, रात्रशाळेच्या त्या मास्तरांकडे आहे, ज्यांनी ‘कशाला हवाय’ न विचारता फळा दिला. पदावर बसलेल्यांकडेच ती कमी का पडते, हे आम्हा थिअरीवाल्यांना काही सुटलेलं नाही.

जेवणाचंही सांगायचं राहिलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मुंबईच्या मॅडमनी बांधून नेली. चटणीचा पत्ता त्यांना अजून हवा आहे, मुलाला सांगा.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षीही परिषद घ्यायची आहे, आणि कुठलंही सभागृह फुकट दिलं तरी तुमच्याकडेच. या वेळी लग्नतिथी आधी पंचांगात बघून तारखा कळवते, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक बुडणार नाही. सोबत ॲडव्हान्स आणि या वेळचं लाइटबिल पाठवते आहे. ते परत पाठवलंत तर मी कार्यालयात येऊन बसेन, हे लक्षात असू द्या. आणि फळ्याला या उन्हाळ्यात आमची पोरं रंग देणार आहेत. मास्तरांशी बोलणं झालंय, टेम्पो तेवढा तुमचा.

तुमची,
परिषदवाल्या मॅडम